सूर्याचे रेडिओ-स्फोट शाळेच्या गच्चीवरून टिपता येतील का?

माणदेशी_मास्तर

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल झालं होतं, आठवत असेल. तेव्हा उन्हाळी सुट्टी चालू होती, तरी पोरांनी ते फोटो मला पाठवून विचारलं, "सर, हे आपल्याकडून दिसेल का?" तो प्रकाश आपल्या अक्षांशावर दिसणं अवघडच. पण मग मी वाचत गेलो आणि कळलं की ज्या सौरज्वालांमुळे हे सगळं होतं, त्यांचा रेडिओ आवाज आपल्या गच्चीवरही पोचतो. ढग असोत, धूळ असो, त्याला फरक पडत नाही.

कॅलिस्टो नावाचा एक रेडिओ वर्णपटमापक आहे. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या ईटीएचमध्ये ख्रिस्तियान मोनस्टाइन यांनी तो बनवला. आत टीव्हीचा ट्यूनर असतो, त्यामुळे तो स्वस्तात बनतो. ४५ ते ८७० मेगाहर्ट्झ पट्ट्यात तो फिरत राहतो आणि कोणत्या वारंवारतेवर किती जोर आहे याचं चित्र काढतो. जगभर अनेक ठिकाणी असे संच लावलेत आणि त्यांची निरीक्षणं सगळ्यांना खुली आहेत.

माझे प्रश्न असे:
आमच्या गच्चीवर हे जमेल का? अँटेना घरी बनवता येईल का? आणि सगळ्यात मोठी शंका म्हणजे एफएम, मोबाईल, मोटारी यांच्या गोंगाटात सूर्याचा आवाज वेगळा ओळखायचा कसा?

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पोरं रोज विचारतात.

वाचनवेडा

वाचतोय. वाचनखूण साठवली.

व्हीयू_काका

मास्तर, उत्तम विषय काढलात. मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो, हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना चाळीस वर्षं जुना. सूर्याचा आवाज मी कानांनी ऐकलाय.

वीस मेगाहर्ट्झच्या आसपास रिसीव्हर लावून ठेवायचा, जिथे कुणी बोलत नाही अशी जागा शोधायची. एरवी नुसती खरखर असते. आणि मग अचानक, मुरुडच्या किनाऱ्यावर लाट येऊन फुटते ना, तसा "सूऽऽऽ" करत आवाज चढतो आणि काही सेकंदांत ओसरतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं केबल सैल झाली. जोडणी तपासत होतो तोवर दुसरी लाट आली.

मोठी सौरज्वाला झाली की दुसरीच गंमत होते. आमच्या चौदा मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर गप्पा चालू असतात आणि बघता बघता समोरचा माणूस विरत जातो. क्ष-किरणांनी आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या भारित भागाचा, खालचा थर इतका भारित होतो की आपल्या लहरी वर जाऊन परत येण्याऐवजी तिथेच शोषल्या जातात. म्हणजे एकाच घटनेने सूर्य स्वतः बोलतो आणि आमचं तोंड बंद करतो.

वीस मेगाहर्ट्झला नासाचा रेडिओ जोव्ह हा शालेय प्रकल्प आहे. गुरू आणि सूर्य दोन्ही ऐकण्यासाठी. नेमकी वारंवारता २०.१. अँटेना म्हणजे तारेचे दोन डायपोल, प्रत्येकी साधारण सात मीटर लांब. बांबू आणि तांब्याची तार यात काम होतं. अँटेनाबद्दल नंतर सावकाश लिहितो, आता जेवायला बोलावताहेत.

रोकठोक

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस डिश उभ्या आहेत. भारताचं आदित्य एल१ यान पंधरा लाख किलोमीटरवर बसून सूर्याकडे बघतंय. अशा वेळी तालुक्याच्या शाळेने गच्चीवर नळ्या बांधून काय मिळवायचं? आमच्या भागात शाळांना प्यायच्या पाण्याची टाकी नाही. या लष्कराच्या भाकऱ्या आहेत. मुलांना उपलब्ध निरीक्षणं इंटरनेटवरून दाखवा, फुकट आहेत.

अरुंधती_र

रोकठोक, तुमच्या मुद्द्यातला एक भाग खरा आहे, त्यावर शेवटी येते. मी रेडिओ खगोलशास्त्रात संशोधन करते, सूर्य हाच माझा विषय.

आधी दोन दुरुस्त्या. आदित्य एल१ वर रेडिओ उपकरण नाही. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत बनलेला सूट हा दुर्बीण-कॅमेरा अतिनील प्रकाशात बघतो, बाकीची उपकरणं क्ष-किरण, प्रभामंडल (सूर्याचं बाहेरचं विरळ वातावरण), कण, चुंबकीय क्षेत्र यांच्यासाठी. आणि जीएमआरटी ही फक्त सूर्यासाठी बांधलेली दुर्बीण नाही. तिचा वेळ जगभरच्या प्रस्तावांमधून वाटला जातो. सूर्याकडे वळवायची तर सिग्नल मुद्दाम दाबावा लागतो, कारण अतिदूरच्या दीर्घिका ऐकायला बनवलेल्या रिसीव्हरला सूर्य म्हणजे कानाशी वाजणारा ताशा. रोज सकाळी उठून दिवसभर सूर्यावर पहारा ठेवण्याचं काम छोट्या उपकरणांचंच आहे.

आता मास्तरांच्या खऱ्या प्रश्नाकडे: सूर्याचा आवाज ओळखायचा कसा? त्यासाठी तो निर्माण कसा होतो ते बघावं लागेल.

सूर्याच्या प्रभामंडलात मोकळे इलेक्ट्रॉन असतात, खाली दाट, वर विरळ. प्रत्येक थराची एक स्वतःची कंपनसंख्या असते आणि ती फक्त इलेक्ट्रॉनांच्या दाटीवर ठरते. एका घन सेंटीमीटरमध्ये दहा कोटी इलेक्ट्रॉन असतील तर सुमारे ९० मेगाहर्ट्झ. एक कोटी असतील तर सुमारे २८. म्हणजे दाटी दहापट कमी झाली की वारंवारता तीनपटीहून थोडी जास्त उतरते.

जलतरंगाचे वाडगे ओळीने मांडलेत असं समजा, जवळचा उंच सुराचा, लांबचा खालच्या सुराचा. कुणी काठी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेलं तर सूर भरभर उतरत जाईल. सावकाश चाललं तर हळूहळू उतरेल. सूर्यावर तेच होतं. सौरज्वालेतून सुटलेला इलेक्ट्रॉनांचा झोत प्रकाशाच्या वेगाच्या साधारण दहा ते तीस टक्के वेगाने वर धावतो आणि एकेक थर वाजवत जातो. दीडशे मेगाहर्ट्झपासून पन्नासपर्यंत यायला त्याला मोजके सेकंद लागतात. हा तिसऱ्या प्रकारचा स्फोट. आघात लहर वर चढत असेल तर तिचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणून तीच उतरण कित्येक मिनिटं चालते. हा दुसरा प्रकार. यात बहुधा दोन समांतर पट्टे दिसतात, एक मूळ सूर आणि एक त्याच्या दुप्पट.

पहिला प्रकार म्हणजे तासन् तास, कधी काही दिवस चालणारी बारीक कडकड. चौथा प्रकार म्हणजे मोठ्या उद्रेकानंतरचा रुंद, लांबलेला आवाज. ते नंतर कधीतरी.

तर मास्तर, ओळखायची खूण ही: उतरण. एफएम केंद्र एका जागी आडवी रेघ काढतं. वीज कडाडली की सगळ्या वारंवारतांवर एकाच क्षणी उभी रेघ उमटते. सूर्याची रेघ तिरकी असते. आणि तिच्या तिरकेपणावरून बारावीचा विद्यार्थी झोताचा वेग काढू शकतो.

आता रोकठोक यांचा खरा मुद्दा. उटीला आणि कर्नाटकात गौरीबिदनूरला कॅलिस्टो संच आधीच आहेत. साताऱ्यात सूर्य जेव्हा वर असतो तेव्हा तिथेही असतो. म्हणून माणच्या संचातून नवा शोध लागेल असं मी म्हणणार नाही. पण रेडिओत एकट्या केंद्राच्या निरीक्षणावर कुणी विसंबत नाही. स्थानिक गोंगाट प्रत्येक ठिकाणचा वेगळा, सूर्य मात्र सगळीकडे सारखा. दोन ठिकाणी एकाच सेकंदाला तीच तिरकी रेघ दिसली तरच ती सूर्याची. शाळेला यापेक्षा चांगला धडा मी तरी सुचवू शकत नाही.

रोकठोक

आदित्यबद्दल चुकलो, दुरुस्ती मान्य. टाकीचा मुद्दा मागे घेत नाही.

माणदेशी_मास्तर

अरुंधतीताई, तुमचा प्रतिसाद छापून वर्गात लावलाय. "उतरण" हा शब्द पोरांनी उचलला. रोकठोक साहेब, आमच्या शाळेला टाकी आहे, गावाने वर्गणी काढून बांधली. या कामालाही शासनाचा पैसा मागत नाही, माजी विद्यार्थी देताहेत.

शैला_कुलकर्णी

मला यातलं फार कळत नाही, पण एक विचारते. आमच्याकडे मार्चच्या सुमारास आणि परत ऑक्टोबरच्या सुमारास दिवसा काही मिनिटं डिश टीव्ही जातो. काही दिवस रोज ठराविक वेळेला. दुरुस्तीवाला म्हणतो "सूर्यामुळे". तो थापा मारतो असं मी इतकी वर्षं समजत होते. हेच का ते स्फोट?

व्हीयू_काका

शैलाताई, दुरुस्तीवाला खरं बोलला. पण ते स्फोट नव्हेत. त्या दिवसांत सूर्य नेमका तुमच्या उपग्रहाच्या पाठीमागून जातो. सूर्य शांत असला तरी तापलेला आहे, आणि तापलेली वस्तू रेडिओ लहरीही सोडते. डिशला उपग्रहाच्या क्षीण सिग्नलऐवजी सूर्यच ऐकू येतो.

याच्यावरून शाळेसाठी प्रयोग आहे, मास्तर. जुनी डिश, तिच्या तोंडाशी असतो तो सिग्नल पकडणारा एलएनबी आणि डिश लावणारे वापरतात तो काटेवाला सिग्नल फाइंडर. डिश सूर्यावरून फिरवा, काटा उठतो. अर्ध्या तासात होणारा प्रयोग. यात उद्रेक फारसे कळणार नाहीत, पण सूर्य रेडिओत "दिसतो" हे पोरांना पटेल.

शैला_कुलकर्णी

म्हणजे मालिकेच्या ऐन महत्त्वाच्या प्रसंगी सूर्यनारायण आडवे येतात. आता त्यांना माफ केलं. धन्यवाद काका!

सिडनीवासी

अवांतर वाटेल, पण नाही. हा विषय जिथे वाढला त्या शहरात मी राहतो.

सूर्याचा रेडिओ आवाज सापडला तो युद्धात. फेब्रुवारी १९४२ मध्ये जर्मन युद्धनौका इंग्लिश खाडीतून निसटल्या, कारण त्यांनी ब्रिटिश रडारवर गोंगाट सोडला होता. त्यामुळे गोंगाटाचा अभ्यास करायचं काम जे. एस. हे (Hey) या ब्रिटिश शास्त्रज्ञाकडे आलं. त्याच महिन्याच्या अखेरीस अनेक रडारवर पुन्हा जबर गोंगाट आला. सगळ्यांना वाटलं शत्रूच. हे यांनी दिशा तपासल्या तर गोंगाटाची दिशा सूर्याबरोबर सरकत होती, आणि त्या दिवसांत सूर्याच्या मध्याजवळ मोठा डाग होता. युद्धाचं गुपित म्हणून हे जाहीर व्हायला १९४६ उजाडलं.

युद्धानंतर सिडनीत रडारवाल्यांनी तीच साधनं सूर्याकडे वळवली. त्यात रुबी पेन-स्कॉट होत्या. डोव्हर हाइट्सच्या कड्यावर एक अँटेना, समोर समुद्र. उगवत्या सूर्याच्या लहरी थेट येतात आणि समुद्रावरून परावर्तित होऊनही येतात, त्या दोन्हींच्या मेळातून सूर्यावर आवाज नेमका कुठून येतो ते ठरवलं. तिसऱ्या प्रकारचे स्फोट ओळखण्यात त्यांचा मोठा वाटा. त्या काळी लग्न झालेल्या बाईला कायम नोकरी नसे, म्हणून त्यांनी लग्न लपवलं. ते उघड झाल्यावर कायमपणा गेला, आणि १९५१ मध्ये मूल होणार म्हणून नोकरी सोडावी लागली. त्या कड्यावर आज बाग आहे. मी मुलीला घेऊन तिथे जातो आणि दर वेळी तिला ही गोष्ट सांगतो.

पहिला, दुसरा, तिसरा हे प्रकार १९५० मध्ये पॉल वाइल्ड आणि मॅकक्रेडी यांनी ठरवले. शहराबाहेर पेनरिथला ७० ते १३० मेगाहर्ट्झचा वर्णपटमापक लावून. मास्तरांच्या गच्चीवर जे येणार आहे त्याचा तो आजा.

अरुंधती_र

सिडनीवासी, पुढचा दुवा मी जोडते, तो महाराष्ट्रात येतो. १९५३ मध्ये गोविंद स्वरूप सिडनीला गेले. तिथे पॉट्स हिलला क्रिस्टियनसेन यांनी जलाशयाच्या काठावर सहा फुटांच्या ३२ डिश ओळीने लावून सूर्याचं निरीक्षण केलं होतं. ती रचना नंतर वापरातून जाणार होती. स्वरूप यांनी त्या डिश भारताला मिळाव्यात असं सुचवलं, आणि त्या मिळाल्या. १९६५ मध्ये टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्यांच्या गटाने त्या उभ्या केल्या कल्याणला. २४ पूर्व-पश्चिम, ८ दक्षिणोत्तर, ६१० मेगाहर्ट्झ. टीआयएफआरच्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात सूर्यापासून आणि कल्याणपासून झाली. त्यानंतर उटी, मग खोडद.

मधल्या काळात अमेरिकेत टेक्सासला फोर्ट डेव्हिस इथे काम करताना स्वरूप आणि ॲलन मॅक्सवेल यांनी आणखी एक प्रकार ओळखला. रेघ आधी उतरते आणि मग परत चढते, इंग्रजी यू सारखी. इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकीय कमानीवरून वर जाऊन पुन्हा खाली येतो. १९५८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मास्तर, तुमच्या पोरांना तशी रेघ दिसली तर ती कुणी पहिल्यांदा ओळखली ते नक्की सांगा.

कल्याणकरीण

चाळीस वर्षं कल्याणात राहते. शाळेत, कॉलेजात, कुणी कधी सांगितलं नाही. आमच्या गावात बसून सूर्य ऐकला होता! आज घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. सासरे म्हणाले, कल्याणला तेव्हा शांतता होती. आता तो संच लावला तर लोकलच ऐकू येईल.

खोडदकर

माझं गाव खोडदच्या शेजारी. लहानपणी रोज त्या डिश वळताना बघितल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, राज्यभरच्या शाळा येतात. मास्तर, पोरांना घेऊन एकदा याच. नारायणगावात उतरून मिसळ खाऊन पुढे जा.

डाळिंबवाला

मी खगोलवाला नाही, आटपाडीला डाळिंबाची बाग आहे. पण गोंगाटाचं मला माहीत आहे. आमच्याकडे रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन आहे. ते चालू असलं की माझ्या रेडिओवर सेकंदा-सेकंदाला "टक्, टक्, टक्" येतं. मास्तर, तुमच्या शाळेभोवती कुणाचं शेत असेल तर आधी ते तपासा.

दुसरं म्हणजे सौर पंपाचा इन्व्हर्टर. ऊन चढलं की तोही रेडिओत भुणभुणतो. स्वस्त एलईडी बल्ब तर विचारू नका.

उपाय सांगू का? भारनियमन. वीज गेली की आमच्या रानात रेडिओ एकदम स्वच्छ होतो. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा आणि त्या वेळेत ऐका.

अरुंधती_र

डाळिंबवाले दादा, हा प्रतिसाद आमच्या प्रयोगशाळेत वाचून दाखवणार आहे. भारनियमनाचा उपाय एकदम पक्का. झटका मशीनच्या उभ्या रेघा ठराविक अंतराने येतील, म्हणून त्या लगेच ओळखू येतील. मास्तर, मुलांना एक गोंगाटाची वही करायला सांगा. कुठला आवाज, कुठल्या वारंवारतेवर, किती वाजता, कशाचा. सूर्य शोधण्याआधी गाव ओळखा.

व्हीयू_काका

कबूल केल्याप्रमाणे अँटेना.

लॉग-पिरिऑडिक करा. जुन्या दूरदर्शनच्या छपरावरच्या अँटेनासारखीच दिसते, आडव्या नळ्या लहान होत जातात. फरक इतकाच की सगळ्या नळ्यांना सिग्नल जोडलेला असतो आणि लागोपाठच्या नळ्यांची बाजू उलटसुलट असते. त्यामुळे एकच अँटेना सगळा पट्टा धरते. सगळ्यात लांब नळी सगळ्यात खालच्या वारंवारतेच्या अर्ध्या लहरीएवढी. साठ मेगाहर्ट्झची लहर पाच मीटर, म्हणजे नळी अडीच मीटर. ॲल्युमिनिअमच्या नळ्या भंगारात वजनावर मिळतील, खिडक्यांच्या सेक्शनवाल्याकडेही असतात.

टोक सरळ आकाशाकडे करा. या अँटेनाचा झोत रुंद असतो, सूर्यामागे फिरवत बसायची गरज नाही. तुमच्याकडे मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो. डिसेंबरात दुपारी जेमतेम ४९ अंशांवर असतो, म्हणून हिवाळ्यात दक्षिणेकडे थोडी कलती करा.

ॲम्प्लिफायर अँटेनाच्या पायाशीच बसवा, खाली संगणकाजवळ नको. केबलमध्ये सिग्नल अशक्त होतो आणि नंतर वाढवला तर खरखरही वाढते. त्याच्याआधी एफएम अडवणारा फिल्टर हवाच, नाहीतर ८८ ते १०८ मधली केंद्रं ॲम्प्लिफायरला गुदमरवतील. केबल आरजी-६ चालेल, केबलवाल्याकडे मिळते. संगणकाकडे जाणाऱ्या तारांवर फेराइटच्या क्लिपा.

आणि अर्थिंग. मीठ-कोळशाचा खड्डा, वेगळा. वळवाच्या पावसात वीज पडते, त्यात चालढकल नको. ढग आले की केबल सोडून ठेवायची, मग सूर्यावर काहीही होवो.

नवा_गडी

काका, कॅलिस्टोऐवजी संगणकाला लावायचा साधा यूएसबी रेडिओ-डोंगल चालणार नाही का? हजार-दोन हजारांत मिळतो.

व्हीयू_काका

चालतो, पण मर्यादा समजून घे. डोंगल एका वेळी साधारण अडीच मेगाहर्ट्झचाच तुकडा बघतो. कॅलिस्टो सेकंदाला आठशे मोजमापं घेतो, दोनशे वारंवारता सेकंदात चार वेळा. तिसऱ्या प्रकारची रेघ काही सेकंदांत संपते. डोंगलला सगळा पट्टा फिरवत बसलास तर अर्ध्यावर पोचेपर्यंत रेघ निघून गेलेली असेल. एका वारंवारतेवर ठेवून आवाज चढतो का ते बघायला डोंगल चांगला. पण "उतरण" बघायची तर पट्टा हवा.

अजून एक सोपी वाट. तामिळनाडूत विजयनारायणम इथे नौदलाचं १८.२ किलोहर्ट्झचं प्रक्षेपण आहे. तो सिग्नल दिवसभर मोजत बसायचा. सौरज्वाला झाली की आयनोस्फिअर बदलतो आणि आलेखाला एकदम उंचवटा किंवा खड्डा पडतो. अँटेना म्हणजे लाकडी चौकटीवर गुंडाळलेली तार. हे नववीच्या पोरांनाही जमेल.

रोकठोक

एक प्रामाणिक प्रश्न. या स्फोटांनी प्रत्यक्षात कधी काही बिघडलंय का, की केवळ अभ्यासाचा विषय आहे?

सिडनीवासी

बिघडलंय. २३ मे १९६७ ला अमेरिकेची अलास्का, ग्रीनलंड आणि इंग्लंडमधली क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देणारी तिन्ही रडार एकदम निकामी झाली. शीतयुद्ध ऐन भरात. रडारवर मुद्दाम गोंगाट सोडणं म्हणजे युद्धाची सुरुवात मानली जाई. सूर्यावर लक्ष ठेवणाऱ्यांनी वेळेत सांगितलं की तिन्ही रडार त्या वेळी उन्हात आहेत आणि हा सूर्याचा रेडिओ-स्फोट आहे. हल्ल्याची विमानं उडाली नाहीत.

६ डिसेंबर २००६ च्या स्फोटाने पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूचे जीपीएस रिसीव्हर गोंधळले. ४ नोव्हेंबर २०१५ ला स्वीडनमधल्या विमानतळांच्या रडारवर नसलेले ठिपके दिसू लागले आणि उड्डाणं थांबवावी लागली.

रोकठोक

१९६७ ची गोष्ट माहीत नव्हती. मास्तर, वर्गणीत माझे पाचशे धरा.

कल्याणकरीण

हा धाग्यातला सगळ्यात मोठा स्फोट!

माणदेशी_मास्तर

बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. मधे परीक्षा, मग निवडणुकीची ड्युटी.

काकांच्या मापाने अँटेना बनली. नळ्या दहिवडीच्या भंगारवाल्याने दिल्या, कशासाठी ते ऐकल्यावर पैसे घेतले नाहीत. संच आला. गोंगाटाची वही बारावीतल्या एका मुलीने ठेवली, आज ती चौऱ्याऐंशी पानांची आहे. शाळेशेजारच्या शेतातलं झटका मशीन, मुख्याध्यापकांच्या खोलीतली ट्यूबलाइट, एसटी थांब्यावरचा जाहिरातीचा फलक, सगळ्यांच्या रेघा तिने ओळखल्यात.

परवा ११ वाजून ५२ मिनिटांनी, वीज नसताना, एक तिरकी रेघ दिसली. वरून खाली, तीन-चार सेकंदांची. वहीत तिला जोड नाही. आम्ही धावत उटी आणि गौरीबिदनूरची ११.४५ ची फाइल उघडली. दोन्हीकडे काहीच नाही. पोरांचे चेहरे पडले. तुमची अट आठवली, एकट्या केंद्रावर विसंबायचं नाही. मग ही रेघ कशाची असावी?

अरुंधती_र

मास्तर, थांबा! त्या फाइलींवरची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा. ११.५२ म्हणजे ६.२२. तुम्ही संध्याकाळची फाइल उघडलीत. ६.१५ ची उघडा.

व्हीयू_काका

मी इथे बसून आहे. मास्तर, उघडा लवकर.

माणदेशी_मास्तर

आहे. दोन्हीकडे आहे. ६ वाजून २२ मिनिटं, तीच रेघ, त्याच सेकंदाला.

शाळा सुटली होती, तरी मी त्या मुलीच्या घरी जाऊन सांगितलं. तिने वहीत चौऱ्याऐंशीव्या पानावर वेळ लिहिली आणि "कशाचा" या रकान्यात लिहिलं, सूर्य.

आता ती उतरणीवरून वेग काढतेय. पहिल्या हिशेबात प्रकाशाच्या वेगाच्या पाचव्या भागाएवढा आला. अरुंधतीताई, प्रभामंडलातल्या दाटीचं कुठलं कोष्टक वापरावं, जरा मार्गदर्शन करा.

अरुंधती_र

पाचवा भाग म्हणजे अगदी अपेक्षित पट्ट्यात. न्यूकर्कचं प्रारूप वापरा, सूत्र एका ओळीचं आहे, बारावीच्या गणितात बसतं. मी सोडवलेलं एक उदाहरण आज रात्री तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवते. रेघ मूळ सुराची आहे की दुप्पट सुराची, यावर उत्तर बदलेल. तिला दोन्ही धरून करायला सांगा आणि फरक बघायला सांगा.

डाळिंबवाला

मास्तर, तुमच्या शेजारच्या शेतकऱ्याला सांगा, रानडुकरं रात्री येतात आणि सूर्य दिवसा असतो. झटका मशीन सकाळी सातला बंद करून संध्याकाळी सातला लावायला त्याची काय हरकत असणार? मी माझं कालपासून तसंच केलंय, इकडे कुणी ऐकत नसलं तरी.

माणदेशी_मास्तर

दादा, आजच त्याच्याकडे जातो. त्याची धाकटी आमच्याकडेच अकरावीला आहे.